बिनलांबी

भाऊजींना सगळे बिनलांबी म्हणायचे. नवीन गिऱ्हाईक हे नाव ऐकायचं, समोरचे पाच फुटांचे भाऊजी बघायचं आणि हसू दाबत म्हणायचं, नाव बाकी चपखल ठेवलंय. मग त्याला समजावावं लागायचं की बाबा रे, याचा उंचीशी काही संबंध नाही. लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा. ठोकलेली गाडी आली की बाकीचे डेंटर चार हातोड्या मारतात, उरलेल्या खड्ड्यात लांबी थापतात, घासतात आणि वरून रंग मारून मोकळे होतात. गाडी देखणी दिसते आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरते. भाऊजींनी चाळीस वर्षांत लांबीचा डबा शेडमध्ये येऊ दिला नाही. पत्रा ठोकत ठोकत होता तिथे परत आणायचा, मग कितीही दिवस लागोत. गिऱ्हाईक तणतणत गेलं तर जाऊ दे.

त्यांच्या शेडला लागूनच माझं दुकान. मी गाड्यांच्या सीटा शिवते. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे भाऊजी तिकडे हातोडी मारायचे आणि इकडे माझी सुई थरथरायची. आमचे हे अचानक गेले तेव्हा दुकान विकून टाक असं सांगायला अख्खी गल्ली आली. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? भाऊजी एकटे सल्ला न देता आले. मशीनकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे तेल मागतंय," आणि तेलाची बाटली ठेवून निघून गेले. त्या बाटलीवर मी दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते कोणासाठी केलं हे कळायला हवं. त्यानं माझा गुन्हा कमी होत नाही, तेही मला माहीत आहे.

भाऊजींना हे काम शिकवलं त्यांच्या थोरल्या भावानं. त्यांना सगळेच दादा म्हणत. आईवडील लवकर गेले, दादांनीच धाकट्याला वाढवलं, हातोडी हातात दिली आणि तळवा वाचायला शिकवला. वाचायला म्हणजे असं, की पत्रा सरळ झाला का हे डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं. डोळे मिटायचे, तळहात पत्र्यावरून सावकाश न्यायचा आणि परत आणायचा. केसाएवढी लाट राहिली असली तरी तळवा तिथे अडखळतो. दादांच्या शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक असायचं, जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बटणापेक्षा थोडं मोठं. धाकट्याचं काम झालं की ते जागोजागी टेकवून बघायचे. खाली नुसता पत्रा असला की टक असा आवाज येतो आणि चुंबक चिकटतं. लांबी असली की घसरून पडतं. टक वाजलं की दादा काही न बोलता पुढे सरकायचे. भाऊजींना मिळणारी शाबासकी तेवढीच, आणि त्यांना ती पुरायची.

दादांनी अकरा वर्षांपूर्वी काम सोडलं. रंगाचा आणि वेल्डिंगचा धूर फुप्फुसात बसला होता. त्याच सुमारास शेडच्या मागे गेंडाही उभा राहिला.

गेंडा म्हणजे दोघा भावांचा ट्रक. चारही चाकं ओढणारा, खडकातून, चिखलातून जाणारा, आता कुठे बनतही नाही असला. खाणीच्या भंगारातून आणलेला. घाटात बंद पडलेल्या गाड्या दोघं त्यानं ओढून आणायचे. शेवटच्या खेपेला वरून दगड आला, चालकाच्या बाजूचं दार पार आत गेलं. दादा थोडक्यात वाचले. त्यानंतर गेंड्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. तळातून एक वेल आत शिरला आणि स्टिअरिंगच्या गोलातून बाहेर डोकावू लागला. मी रोज त्या वेलाला पाणी घालायचे, तेवढाच विरंगुळा.

यंदा डॉक्टरांनी दादांच्या मुलीला बाजूला बोलावून सांगितलं की आता महिन्यांच्या गोष्टी करा, वर्षांच्या नको. तिनं घरी येऊन काही सांगितलं नाही, पण दादा तिच्या चेहऱ्यावरून समजले. संध्याकाळी भाऊजींना म्हणाले, गेंड्यात बसून एकदा घाटमाथ्यावर जायचंय. शेवटच्या वळणावर जिथे आपण डबा खायचो तिथपर्यंत.

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी ताडपत्री काढली. वेल मात्र जपून उपटला आणि मला डब्यात लावून दिला.

त्यानंतर चार महिने गल्लीत गेंड्याशिवाय विषय नव्हता. इंजिनवाल्यानं इंजिन उतरवलं. लाकडाचा मागचा हौदा सुतारानं नव्यानं बांधला. सीट माझ्याकडे आली. स्प्रिंगा गंजलेल्या, आत उंदरांनी संसार थाटलेला. मी ती पार उसवून नव्यानं भरली, आणि दादांना पाठीला टेकू मिळावा म्हणून डाव्या बाजूला एक थर जास्त घातला. दादा रोज सकाळी काठी टेकत येऊन खुर्चीत बसायचे आणि मुलीच्या फोनवर बघून एकेक नवीन वस्तू मागवायचे. पुढे लोखंडी गार्ड हवा. त्यावर चार पिवळे दिवे हवेत. छतावर कॅरियर, समोर ओढायची विंच, चाकांवर रबरी झालरी. भाऊजी चिडायचे. म्हणायचे, आधी नवरी सरळ उभी तर राहू दे, मग घाला दागिने. दादा म्हणायचे, तुझं ठोकणं संपेपर्यंत मी दागिनेच बघणार, दुसरं काय काम आहे मला? असं हसत-भांडत चाललेलं. दोघांनाही ठाऊक होतं की ही घाई कसली आहे, आणि दोघंही तिचं नाव काढत नव्हते.

बॉनेट झालं. मागची बाजू झाली. मग मला एक दिवस दिसलं की भाऊजी मडगार्डला गाल लावून उभे आहेत, डोळे मिटून. समोरचा चहावाला ओरडला की बिनलांबी शेवटी गाडीच्या प्रेमात पडले. सगळे हसले, मीही हसले. गालानं कोण पत्रा तपासतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला आठ दिवसांनी.

भाऊजी सीट बघायला माझ्याकडे आले होते. माझ्या बाकावर हात टेकून बोलत होते. मोटारीची सीट शिवायला जाड वाकडी सुई लागते, ती बाकावर उभी खोचून ठेवायची माझी वाईट सवय आहे. भाऊजींचा तळवा नेमका तिच्यावर. सुई आत गेलेली मला दिसत होती. आणि भाऊजी बोलतच होते. रेक्झिनचा रंग थोडा गडद चालला असता, दादाला गडद आवडतो, असं काहीतरी. रक्ताची धार रेक्झिनवर आली तरी त्यांना पत्ता नव्हता.

मी म्हटलं, "भाऊजी, हात."

त्यांनी खाली पाहिलं. सुई उपटली, हात पँटच्या खिशात घातला आणि म्हणाले की हातोडी धरून धरून कातडी जाड झालीय. मी बरं म्हटलं. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला माहीत होतं, त्यानं हातापायांची जाणीव जाते हेही मी ऐकून होते. तरी बरं म्हटलं. एखाद्या गवयाला तुमचा आवाज गेलाय हे कोण सांगेल? दोघांनीही रेक्झिन पुसलं आणि विषय संपवला.

त्या वेळी ते दारावर काम करत होते. दगडानं चेपलेलं तेच दार. दुसरं दार मिळण्यासारखं नव्हतं, आणि मिळालं असतं तरी भाऊजींनी घेतलं नसतं. अठरा दिवस त्यांनी ते ठोकलं. मधल्या भिंतीतून मला आवाज यायचा, आणि चाळीस वर्षांच्या त्या ठोक्यांची लय बदललेली मला कळत होती. पूर्वी दहा ठोके पडायचे, मग तळवा फिरायचा तेवढी शांतता, मग पुन्हा दहा. आता शांतता लांबत चालली होती. शेवटी त्यांनी दार पेंटरच्या हवाली केलं. पेंटरनं त्यावर प्रायमर मारला.

त्याच दिवशी दादांना धाप लागली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. भाऊजी दोन दिवस तिकडेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटर माझ्या दुकानात आला आणि नुसता उभा राहिला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, जरा येऊन बघा.

प्रायमर मंद असतो, त्यात काही कळत नाही. पेंटरनं ओलं फडकं दारावरून फिरवलं आणि उन्हात तिरकं बघायला सांगितलं. दार वरपासून खालपर्यंत लाटांनी भरलेलं होतं. शिकाऊ माणसाचंही एवढं वाईट झालं नसतं. पेंटर म्हणाला, त्यांना सांगायला लागेल, पुन्हा ठोकायला लागेल. मी म्हटलं, कुठल्या हातानं ठोकणार? आणि दादांकडे किती दिवस आहेत?

मग मीच म्हटलं, "लांबी लाव."

"बिनलांबीच्या गाडीला?"

"त्यांच्याच गाडीला. आणि हे तुझ्यामाझ्यात."

पेंटरनं ऐकलं नसतं, पण माझ्यापुढे गल्लीत कोणाचं चालत नाही, हा माझा जुना दोष. त्यानं लांबी भरली, वाळवली, घासली, पुन्हा प्रायमर मारला आणि वरून रंग. मी स्वतः डोळे मिटून दारावरून हात फिरवला. कुठेही अडखळला नाही. मला समाधान वाटलं, हेही कबूल करते.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. दारासमोर उभे राहिले. दारात त्यांना स्वतःचा चेहरा सरळ दिसत होता. बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, अजून जमतंय म्हणायचं." त्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्यांना चहा पाजला. चार पिवळे दिवे बसवताना ते शीळ घालत होते. इतक्या वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

घाटमाथ्यावर जायचा दिवस ठरला. दादांना मुलीनं चाकांच्या खुर्चीत बसवून शेडसमोर आणलं. त्यांनी गेंडा डोळे भरून पाहिला. मग काठी मुलीकडे दिली, उठले, आणि मला हाताशी धरून गाडीभोवती फिरू लागले. डोळे मिटून मडगार्डवरून हात नेला, बॉनेटवरून नेला, दारावरून नेला. तळवा अडखळला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात दादांनी खिशातून रुमाल काढला.

ते चुंबक मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. हाताला कसं फसवायचं एवढाच विचार मी आणि पेंटरनं केला होता. चुंबक दोघांनाही आठवलंच नाही.

मडगार्डवर टक. बॉनेटवर टक. भाऊजी समोर वाकून एका दिव्याचा नट आवळत होते, पाठ आमच्याकडे, पण कान इकडे लागलेले कळत होते. दादांनी दाराच्या मधोमध चुंबक टेकवलं आणि सोडलं. ते घसरलं. दादांनी ते खाली पडायच्या आत ओंजळीत झेललं. एवढा आजारी माणूस, पण हात काय चपळ. दुसरीकडे टेकवलं, तिथेही घसरलं. त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीकडे पाहिलं. मग चुंबक अंगठ्यानं दारावर दाबून धरलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

टक.

भाऊजींचे खांदे सैल झाले. ते तसेच वाकून नट आवळत राहिले. दादांनी चुंबक रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घाट चढताना भाऊजी चालवत होते, दादा जास्त थराच्या बाजूला, मी आणि मुलगी मागच्या हौद्यात. शेवटच्या वळणावर गाडी थांबली. भाऊजी इंजिनात घालायला पाणी आणायला झऱ्याकडे गेले, मुलगी त्यांच्यासोबत गेली. मी दादांच्या खिडकीशी उभी राहिले. खाली दरीकडे बघत ते म्हणाले, "त्याला काही बोलू नका. जन्मात एकदाच केलंय त्यानं. माझ्यासाठीच घाई केली असणार."

मी तोंड उघडलं होतं. लांबी मी लावायला लावली, त्यांचा हात गेलाय, एवढी दोन वाक्यं होती. पण भाऊजी बादली घेऊन येताना दिसले आणि शीळ ऐकू आली. मी तोंड मिटलं.

दादा त्यानंतर एकोणीस दिवस होते. मी तीनदा भेटायला गेले. पहिल्यांदा घरात माणसं होती. दुसऱ्यांदा ते झोपले होते. तिसऱ्यांदा ते जागे होते आणि खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी विचारलं, सीटचा थर बसला का दबून? मी म्हटलं, नाही, चांगला राहिलाय. मग त्यांची औषधाची वेळ झाली. पहिल्या दोन भेटींची सबब मी स्वतःला देऊ शकते. तिसऱ्या भेटीची माझ्याकडे सबब नाही.

ते गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी भाऊजींनी शेड उघडली. त्यांच्या हातात तो चुंबकाचा रुमाल होता. म्हणाले, दादानं पोरीजवळ माझ्यासाठी ठेवला होता. दागिन्यांना एवढी नावं ठेवली मी, आता माझ्याकडूनही एक दागिना घालतो गेंड्याला. चालकाच्या दारावर लावणार, जिथे दादानं लावलं होतं तिथेच. मी म्हटलं, भाऊजी, राहू दे, बॉनेटवर लावा. ते म्हणाले, नाही हो, दारच मी मनापासून केलंय.

त्यांनी चुंबक दारावर टेकवलं. ते पडलं. आपल्या बोटांतूनच निसटलं असं वाटून त्यांनी ते उचललं आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा पडलं. मग ते एकेक वीत सरकवत दारभर फिरले. प्रत्येक वेळी खाली वाकून उचलत होते, आणि बोटांना ते नीट सापडत नव्हतं. मी पुढे होऊन उचलून द्यावं एवढाही धीर मला झाला नाही.

शेवटी ते म्हणाले, "लांबी आहे."

"मी लावायला सांगितली. पेंटरचा दोष नाही."

ते दाराकडेच बघत होते. "मग त्या दिवशी टक कसं वाजलं?"

"दादांनी तोंडानं केलं."

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण महिनाभराचं साठलेलं होतं. घाटमाथ्यावर दादा काय म्हणाले तेही सांगितलं, शब्दन् शब्द. भाऊजी गेंड्याच्या पायरीवर बसले. दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे दादा गेला तो मी लांबी लावली असं धरून."

मी हो म्हटलं.

"वाकडं दार चाललं असतं हो त्याला, वहिनी," ते म्हणाले. "त्यानं हात फिरवला असता आणि त्याला कळलं असतं माझा हात गेलाय म्हणून. मला ते सांगायला जमत नव्हतं. दारानं सांगितलं असतं."

मला तेव्हा रडू आलं, आणि मी रडावं हेही मला शोभत नव्हतं. मी दुकानात गेले आणि मशीनवर बसले. काही शिवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येत होता. भाऊजी पत्तीनं दाराची लांबी काढत होते. पेंटर मदतीला गेला तर त्याला परत पाठवलं. तीन दिवस लागले. आता गेंडा शेडसमोर उभा असतो, चार पिवळे दिवे, लोखंडी गार्ड, कॅरियर, सगळा साज लेवून, आणि चालकाचं दार तेवढं उघड्या पत्र्याचं, लाटा लाटांचं. येणारेजाणारे विचारतात की हे काम कोणाचं. भाऊजी सांगतात, माझं.

नवीन काम ते घेत नाहीत. सकाळी शेड उघडतात, माझ्याकडे चहा पितात, हाकही वहिनी म्हणूनच मारतात. त्या गोष्टीचा पुन्हा एकदाही उल्लेख झाला नाही. फक्त तिसऱ्या दिवशी खरवडणं थांबलं तेव्हा मी भिंतीला कान लावून बसले होते. बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग पत्र्यावर टक वाजलं, आणि या वेळी ते खरं होतं. ते ऐकायला दादा नव्हते.